खेळाडूने फक्त खेळावे काय?



"खेळाडूने खेळावे, राजकारण पुढाऱ्यांवर सोडावे." हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांनी ते उच्चारलेही आहे. गांधीबागच्या कापडबाजारात दुपारी गिऱ्हाईक कमी असते, दुकानातल्या टीव्हीवर सामना चालू असतो. अमुक खेळाडू एखाद्या सामाजिक प्रश्नावर बोलला, अमुक खेळाडू धरणे धरून बसला अशी बातमी खालच्या पट्टीवरून सरकते आणि चर्चेला तोंड फुटते. "याला काय पडली आहे?" असे एक जण म्हणतो. "कोणीतरी पैसे दिले असतील," असे दुसरा म्हणतो. संध्याकाळपर्यंत तीच चर्चा मोबाईलवरून घरोघर पोहोचते आणि वाटेत तिला दोनचार शिव्याही चिकटतात.

या विषयाचा चर्चशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. संबंध आहे. एखादा माणूस "माझ्यावर अन्याय झाला" किंवा "माझ्या भावावर अन्याय होत आहे" असे म्हणतो, तेव्हा आपण त्याच्याशी कसे वागलो, याचा हिशेब प्रभू आपल्याकडे मागणार आहे. तो माणूस शेतकरी आहे, विणकर आहे की क्रिकेटपटू आहे, याने त्या हिशेबात फरक पडत नाही.

राजाचे मंदिर

पवित्र शास्त्रात आमोस संदेष्ट्याची कथा आहे. उपासनेच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात 'ब' वर्षी, सामान्यकाळाच्या पंधराव्या रविवारी ती आपण ऐकतो. आमोस हा मूळचा मेंढपाळ. उंबराच्या झाडांची निगा राखणे हाही त्याचा व्यवसाय. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात तो दक्षिणेकडील यहूदातून उत्तरेकडील इस्राएलात गेला आणि बेथेल येथील मंदिरात उभा राहून तेथील अन्यायाविरुद्ध बोलू लागला. गरिबाला जोड्याच्या किमतीला विकले जाते, व्यापारी माप लहान करतात आणि तराजूत खोट ठेवतात, असे त्याचे म्हणणे होते. आपला परिसर व्यापाऱ्यांचा आहे. तराजूतील खोट म्हणजे काय, हे आपल्याला निराळे समजावून सांगायला नको.

त्या मंदिराचा मुख्य याजक होता अमस्या. त्याने आमोसाला सांगितले की, तू आपल्या देशात परत जा, तेथे बोल आणि तेथेच आपली भाकर मिळव. येथे बोलू नकोस, कारण हे राजाचे मंदिर आहे.

अमस्याच्या बोलण्यात तीन आक्षेप आहेत, ते आपण नीट पाहू या. पहिला आक्षेप जागेचा: हे राजाचे मंदिर आहे, येथे हा विषय नको. दुसरा माणसाचा: तू परका, तुझा येथे काय अधिकार? तिसरा हेतूचा: तू हे भाकरीसाठी करतोस. हे तीन आक्षेप घेऊन अमस्या थांबला. आमोस जे सांगत होता ते खरे की खोटे, या एका गोष्टीबद्दल त्याने त्याच्याशी चकार शब्द काढला नाही. तराजू मागवून तपासला नाही. विकल्या गेलेल्या गरिबाला बोलावून विचारले नाही.

आमोसाचे उत्तर साधे होते. मी व्यवसायाने संदेष्टा नव्हतो, संदेष्ट्याचा मुलगाही नव्हतो. परमेश्वराने मला मेंढरांच्या मागून उचलले आणि बोलायला पाठवले, अशा आशयाचे ते उत्तर आहे.

आता मंदिराच्या जागी मैदान ठेवा आणि मेंढपाळाच्या जागी खेळाडू ठेवा. "मैदानात हा विषय नको", "तू खेळाडू, तुला यातले काय कळते", "प्रसिद्धीसाठी करतो आहे". तेच तीन आक्षेप, त्याच क्रमाने. आणि चौथा प्रश्न, म्हणजे तो म्हणतो ते खरे आहे काय, तो आजही बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

मातीच्या भांड्यातला चहा

याचे उदाहरण शोधायला परदेशात जायला नको. ते आपल्या महाराष्ट्रातच आहे, आणि आता त्याला शंभरहून अधिक वर्षे झाली आहेत.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालचा. जातीने ते चांभार, म्हणजे त्या काळच्या भाषेत अस्पृश्य. पुण्यात युरोपियन लोकांच्या क्लबात मैदान झाडणे, खेळपट्टीवर रोलर फिरवणे, सरावाची जाळी बांधणे अशी कामे ते महिना चार रुपयांवर करीत. क्लबातील गोऱ्या फलंदाजांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते असे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले की, पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांच्यावाचून गत्यंतर राहिले नाही. क्लबाने त्यांना संघात घेतले. परंतु खेळ थांबून चहाची वेळ झाली की, इतर खेळाडूंना आत चिनी मातीच्या कपात चहा मिळे आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात. त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चाले. त्यांच्या हाताचा कप कोणाला चालत नसे. रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या क्रिकेटच्या इतिहासात हे सर्व तपशीलवार नोंदवले आहे.

पुढे बाळू मुंबईला आले. त्या काळी मुंबईतील मोठी स्पर्धा धर्माधर्मांच्या संघांत खेळली जाई: युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुसलमान. आपल्या नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू १९१६ साली याच स्पर्धेत हिंदू संघातून पहिल्यांदा खेळले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियन संघाला हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे धाकटे भाऊ शिवराम त्या दौऱ्यावर होते. गणपत आणि विठ्ठल हेही पुढे नामवंत खेळाडू झाले.

एवढे सर्व करूनही बाळूंना कर्णधारपद मिळाले नाही. वर्षामागून वर्ष गेले. निवड समिती दरवेळी उच्च जातीचा कर्णधार नेमत राहिली.

दोन भावांची माघार

१९२० साल उजाडले. बाळूंचे वय आता चाळिशीच्या पुढे गेले होते. त्या वर्षी स्पर्धेच्या वेळी नियोजित कर्णधार एम. डी. पै आजारी पडले. समितीने बाळूंना संघातून वगळले, आणि संघातील ज्येष्ठ फलंदाज विठ्ठल यांना बाजूला ठेवून दि. ब. देवधर यांना कर्णधार नेमले. देवधर मोठेच खेळाडू होते. परंतु या निवडीत खेळापेक्षा जातीचे व शिक्षणाचे वजन अधिक पडले, हे पालवणकर बंधूंना स्पष्ट दिसत होते.

विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले. त्यांनी आपली कारणे जाहीर निवेदनात मांडली. आम्ही अस्पृश्य म्हणविल्या जाणाऱ्या जातीचे आहोत म्हणून आमचा मान डावलला जातो, आणि स्वाभिमानासाठी आम्हाला हा अन्याय सोसता येणार नाही, असा त्याचा आशय होता. त्यांनी मैदानात गोंधळ घातला नाही, कोणाला शिवी दिली नाही. जे त्यांना सर्वांत प्रिय होते तेच, म्हणजे स्वतःचे खेळणे, त्यांनी वेदीवर ठेवले.

हा निषेध खेळाचा होता की राजकारणाचा? तो काळ आठवा. त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्या नागपूरमध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकाराच्या ठरावाबरोबर अस्पृश्यता दूर करण्याचे आवाहनही तेथे झाले. देशभर जो प्रश्न विचारला जात होता, तोच दोन भावांनी मैदानावर विचारला. मैदानाला कुंपण असते, परंतु अन्याय फाटकाबाहेर चपला काढून आत येत नाही.

पाहणाऱ्यांनी काय केले?

बंधुभगिनींनो, या कथेत आपली जागा शोधायची असेल तर ती पालवणकरांच्या शेजारी नाही. आपल्यापैकी फार थोडे जण मोठे खेळाडू आहेत. आपली जागा आहे ती पाहणाऱ्यांमध्ये, म्हणून पाहणाऱ्यांनी काय केले ते पाहू.

काहींनी वर्षानुवर्षे टाळ्या वाजवल्या आणि मातीचे भांडे मात्र बदलले नाही. बाळूंच्या प्रत्येक बळीवर ते आनंदाने ओरडले असतील. परंतु आपल्याला आनंद देणाऱ्या माणसाला बाहेर उभे करताना त्यांना काही टोचले नाही.

काहींनी आपल्या स्थानाचा उपयोग केला. पुण्याच्या संघाच्या एका विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी जाहीरपणे सुचवले होते की, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायलाही हरकत नसावी. स्वतः कर्णधार पै यांनी १९१३ साली आपल्याच ज्ञातिबांधवांनी केलेल्या सत्कारात सांगितले की, हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी अशा माझ्या मित्राला, बाळूला, मिळायला हवा होता. आपल्या सत्काराच्या दिवशी, आपल्याच माणसांपुढे असे बोलणे सोपे नसते.

आणि १९२० साली लोकांनीही आपला कौल दिला. दोन भावांच्या माघारीची चर्चा झाली आणि समितीवर दबाव आला. अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, ते बाळूंना संघाचे नेतृत्व करता यावे म्हणून. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. तो संघ जिंकला आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले. ज्या जातीच्या माणसाचा स्पर्श विटाळ मानला जात होता, त्याला लोकांनी स्वतःच्या खांद्यावर घेतले! हे आपोआप झाले नाही. आधी दोन भावांनी किंमत मोजली, आणि मग काही पाहणाऱ्यांनी आपले पाहणे बदलले.

बाकावरची जागा

येथे आपण दुसऱ्यांकडे बोट दाखवून थांबलो, तर या प्रवचनाचा काही उपयोग नाही. संत याकोब आपल्या पत्रात ख्रिस्ती मंडळीलाच विचारतो की, सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला की तुम्ही त्याला चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातील गरिबाला उभे राहायला किंवा पायाशी बसायला सांगता, हे कसे? त्याने हे बाहेरच्यांना लिहिलेले नाही, प्रार्थनेला जमणाऱ्यांना लिहिले आहे.

आपल्या देशातील ख्रिस्तसभेतही जातीचा हा डाग आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये तामिळनाडूचे बिशप रोमला गेले असता, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्ती लोकांमधील जातिभेद दूर करण्याविषयी त्यांना स्पष्ट शब्दांत बजावले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले आणि जातिभेद हे गंभीर सामाजिक पाप असल्याचे त्यात म्हटले. धोरण कागदावर असते. ते खाली उतरते ते बाकावर, लग्नाच्या बोलणीत आणि दफनभूमीत. १९५६ सालच्या धम्मदीक्षेचे हे शहर आहे. सन्मानासाठी माणसे काय सोडायला तयार होतात, हे नागपूरकरांना कोणी शिकवायला नको.

म्हणून जो खेळाडू निषेध करतो त्याच्याविषयी मत बनवण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावे: माझ्या घरी मातीचे भांडे कोणासाठी ठेवलेले आहे?

मग प्रत्येक निषेध योग्यच काय?

नाही. येथे थोडा विचार करायला हवा.

संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले आहे की, केवळ माणसाच्या अधिकारावर आधारलेला युक्तिवाद हा सर्वांत दुबळा युक्तिवाद होय. शंभर शतके ठोकली म्हणून एखाद्याचे राजकीय मत बरोबर ठरत नाही. सुवर्णपदक हे कुस्तीचे प्रमाण आहे, सत्याचे नव्हे. परंतु हाच नियम उलट बाजूनेही लागू होतो. तो खेळाडू आहे म्हणून त्याचे मत बरोबर ठरत नाही, तसे तो केवळ खेळाडू आहे म्हणून ते चूकही ठरत नाही. दोन्ही बाजूंनी माणसाला बाजूला ठेवून म्हणणे तपासावे लागते. अमस्याने हेच टाळले.

बाळूंचेच पुढचे आयुष्य पाहा. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत ते होते. १९३७ च्या निवडणुकीत ते मुंबईत काँग्रेसच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. ज्यांनी लहानपणापासून बाळूंचा अभिमान बाळगला, त्यांच्यापैकी अनेकांनी त्या दिवशी दुसरीकडे मत टाकले असेल. हे निरोगी वागणे आहे. माणसाचा मान ठेवायचा, त्याचे म्हणणे ऐकायचे आणि पटले नाही तर शांतपणे नकार द्यायचा. त्यासाठी त्याने घेतलेले ११४ बळी पुसून टाकावे लागत नाहीत.

निषेधाच्या दोन्ही बाजूंना सदसद्‍विवेक असू शकतो, हेही लक्षात ठेवावे. २०२० साली अमेरिकेत कृष्णवर्णीयांवरील अत्याचारांच्या निषेधार्थ बास्केटबॉलचे खेळाडू राष्ट्रगीताच्या वेळी गुडघे टेकत होते. ३१ जुलैला जोनाथन आयझॅक नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू सर्वांमध्ये एकटा उभा राहिला आणि त्याने आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचे कारण दिले. त्याच्यावरही टीकेचा भडिमार झाला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये बास्केटबॉलपटूंच्या एका शिष्टमंडळाची भेट घेऊन, सामाजिक न्यायासाठी त्यांनी केलेल्या कामाबद्दल ऐकून घेतले. त्या शिष्टमंडळात जोनाथन आयझॅकही होता. गुडघे टेकणारे आणि उभा राहणारा असे सर्वजण एकाच दालनात पोपमहोदयांसमोर बसले. चर्चमध्ये अशीच जागा असायला हवी.

आपल्या डोळ्यांदेखत

अलीकडच्या दोन घटना आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिल्या आहेत.

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत विश्वचषकाच्या सामन्यापूर्वी भारतीय खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकला. सामना आपण पाकिस्तानकडून हरलो. त्यानंतर आपल्याच संघातील मोहम्मद शमी याच्यावर त्याच्या धर्मावरून गलिच्छ शिव्यांचा पाऊस पडला. कर्णधार विराट कोहली काही दिवसांनी पत्रकारांसमोर त्याच्या बाजूने ठामपणे बोलला, तर त्याच्या तान्ह्या मुलीला धमक्या देण्यापर्यंत लोकांची मजल गेली. दूरच्या देशातील भेदभावाविरुद्ध गुडघा टेकलेला आपल्याला चालला. शेजारच्या भेदभावाविरुद्ध उच्चारलेला शब्द मात्र झोंबला.

दुसरी घटना कुस्तीपटूंची. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया आणि त्यांचे सहकारी दिल्लीत जंतरमंतरवर बसले. कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांनी महिला कुस्तीपटूंचा लैंगिक छळ केल्याचा त्यांचा आरोप होता. अध्यक्षांनी तो नाकारला. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे, आपले नव्हे. परंतु त्या मुलींशी आपण कसे बोललो, हे आपले काम होते. "इतके दिवस गप्प का होत्या?" "यांच्यामागे कोण आहे?" "देशाची बदनामी करतात." पुन्हा जागा, माणूस आणि हेतू! २८ मे रोजी त्यांना रस्त्यावरून ओढून नेण्यात आले. ३० मे रोजी त्या आपली पदके गंगेत सोडण्यासाठी हरिद्वारला पोहोचल्या. शेतकरी नेत्यांनी समजूत घातल्यावर परतल्या. १९८३ च्या विश्वविजेत्या क्रिकेट संघातील खेळाडूंनी त्यांच्यासाठी संयुक्त निवेदन काढले. पुष्कळ मोठी नावे मात्र गप्प राहिली. पुढे विनेश आणि बजरंग राजकीय पक्षात गेले आणि २०२४ साली विनेश हरयाणा विधानसभेवर निवडून आल्या. "पाहा, आम्ही म्हणत होतो ना!" असे काहींना वाटले. पण पुढे कोणी निवडणूक लढवली, म्हणून आधीची तक्रार खोटी ठरते काय? ती खरी की खोटी हे साक्षीपुराव्यानेच ठरते.

ख्रिस्तसभेची धर्मशिकवण आपल्याला सांगते की, पुरेशा आधाराशिवाय शेजाऱ्याचा दोष खरा मानणे, कारण नसताना त्याचे दोष चव्हाट्यावर आणणे आणि खोटे बोलून त्याचे नाव खराब करणे, ही आठव्या आज्ञेविरुद्धची पापे आहेत. मोबाईलवर आलेला मजकूर आपण लिहिलेला नसतो हे खरे. परंतु तो पुढे पाठवणारा अंगठा आपला असतो. पापनिवेदनाच्या वेळी त्या अंगठ्याचाही विचार करावा.

काळी फीत

त्याच २०२३ च्या उन्हाळ्यात आपल्या पॅरिशच्या काही तरुणांनी सुचवले होते की, सुट्टीतल्या फुटबॉल सामन्यात दंडावर काळी फीत बांधून खेळावे. काही ज्येष्ठांनी हरकत घेतली. "आपण मूठभर लोक. उगाच कोणाच्या डोळ्यांवर कशाला यायचे?" हे बोलणे भित्रेपणाचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांनी हे म्हटले त्यांना या वस्तीत रोज धंदा करायचा आहे, मुलामुलींना नोकऱ्या मिळवायच्या आहेत. त्यांची काळजी खरी आहे.

तरीही एक विचारतो: पालवणकर किती होते? माघार घेणारे दोघे. दूरदर्शीपणा हा सद्‌गुण आहे. कधी, कसे आणि कोणत्या शब्दांत बोलावे हे तो ठरवतो. कधीच बोलू नये असे जे आतून सांगते, ते दूरदर्शीपण नसते, ती भीती असते, आणि तिला सद्‌गुणाचे कपडे घालू नयेत.

असा प्रश्न पुन्हा येईल. तेव्हा आपल्या पॅरिशमध्ये काय असावे, हे आम्ही आजच सांगून ठेवतो. तरुणांनी तीन गोष्टी तपासाव्यात. आपण ज्याविषयी बोलत आहोत त्याची खातरजमा केली आहे काय? या निषेधाची किंमत आपण स्वतः मोजणार आहोत, की ती दुसऱ्या कोणा दुबळ्यावर ढकलणार आहोत? ज्याच्याविरुद्ध बोलतो त्याच्यासाठीही प्रार्थना करण्याची आपली तयारी आहे काय? या तिन्ही प्रश्नांना होकार असेल, तर आम्ही त्यांना अडवणार नाही, आणि कोणी विचारले तर त्यांच्या शेजारी उभे राहू. ज्याला फीत बांधायची नसेल त्याला संघात तेवढीच जागा आणि तेवढाच मान मिळेल. त्याला कोणी टोमणा मारणार नाही. आणि ज्येष्ठांनी आपली काळजी युवकांसमोर बसून सांगावी, फाटकाबाहेर कुजबुजू नये.

शेजारी उभा राहणारा

शेवटी एका माणसाची आठवण करू या. १९६८ सालच्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २०० मीटर शर्यतीत पहिला आलेला टॉमी स्मिथ आणि तिसरा आलेला जॉन कार्लोस या दोन कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी पदक घेताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. त्यांना खेळांतून घरी पाठवण्यात आले. त्या छायाचित्रात तिसरा माणूस आहे, दुसरा आलेला ऑस्ट्रेलियाचा गोरा धावपटू पीटर नॉर्मन. साल्व्हेशन आर्मीच्या ख्रिस्ती कुटुंबात तो वाढला होता. त्याने मूठ उंचावली नाही. त्याने फक्त मानवी हक्कांच्या चळवळीचा तोच बिल्ला मागून घेतला आणि आपल्या छातीवर लावला. ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा धावला नाही. २००६ साली तो वारला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस ऑस्ट्रेलियाला गेले आणि त्यांनी त्याच्या शवपेटीला खांदा दिला. २०१२ साली त्याच्या देशाच्या संसदेने त्याची माफी मागितली. ती ऐकायला तो राहिला नव्हता.

कालवारीच्या वाटेवर कुरेनेकर शिमोन असाच बघ्यांच्या गर्दीत होता. प्रभूचा क्रूस त्याच्या खांद्यावर आला आणि तो बघ्या राहिला नाही. आपल्याला बहुधा कोणी मूठ उंचवायला सांगणार नाही. परंतु एखादा बिल्ला लावायची, एखादी शिवी पुढे न पाठवण्याची, "आधी तो म्हणतो ते खरे आहे का पाहू" असे चारचौघांत म्हणण्याची वेळ प्रत्येकावर येते. या आठवड्यात ती दुकानात येईल, कारखान्यात येईल किंवा जेवणाच्या ताटावर येईल. तेव्हा अमस्याचे तीन आक्षेप गिळून आपण चौथा प्रश्न विचारू या.

हे प्रभू येशू, तुझ्यावरही खोटे आरोप झाले आणि गर्दीने सत्य विचारले नाही. आमच्या कानांना धीर दे, आमच्या जिभेला लगाम दे. जे अन्यायाविरुद्ध बोलतात त्यांना सत्यात ठेव, आणि आम्हा पाहणाऱ्यांना त्यांच्या शेजारी उभे राहण्याचे बळ दे. आमच्या घरातून, आमच्या बाकांवरून आणि आमच्या मनातून मातीचे ते भांडे कायमचे दूर कर. आमेन.

प्रभूच्या सेवेत आपले,
धर्मगुरू